हिरवा ठिपका

"आज परत नळ्या व्हय?" आव्वांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून अठरा मिनिटं. जूनची तेरा तारीख, म्हणजे दिवस मावळायला सात वाजून सात मिनिटं. मगदुमांच्या घरात हे पोरासोरांनाही पाठ असतं. त्या मिनिटानंतर या घरात कुणी अन्नाचा घास घेत नाही आणि आण्णा तर पाण्याचा घोटही घेत नाहीत.

"नळ्याच, आव्वा. उद्या त्रिशला चालली. तिनं सकाळीच सांगून ठेवलंय," राजेश्वरी उकळत्या पाण्यातून टोमॅटो काढत म्हणाली. "वीस मिनिटात ताटं मांडते."

"वीस मिनिटात शिजतंय त्याला काय जेवण म्हणायचं!" असं म्हणून सासूबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. गुडघ्यांमुळे आता त्यांना ओट्याशी उभं राहवत नव्हतं. पण ओट्यावर नजर ठेवायला गुडघे लागत नाहीत.

खरं तर या वीस मिनिटांच्या जेवणावर सगळ्यांत खूश आव्वाच असायला हव्या होत्या. मे महिन्यात नणंद ब्राह्मीताई पुण्याहून लेकीला, त्रिशलाला घेऊन माहेरी आल्या की या घरात रोज सण. सकाळी आमरस, दुपारी शेवया, संध्याकाळी भरली वांगी नाहीतर कटाची आमटी. संध्याकाळचा स्वयंपाक चार वाजता सुरू होणार. राजेश्वरीचा नवरा सन्मती सांगलीतलं ठिबक सिंचनाचं दुकान बंद करून सव्वासहाला येणार, सासरे आण्णा उसाला पाणी पाजून साडेसहाला. मग हातपाय धुणं, देवाला हात जोडणं, आणि त्यानंतर सूर्याशी शर्यत. यंदा मे महिन्यात तीनदा आण्णा अर्ध्या ताटावरून उठले. एक शब्द बोलले नाहीत. दिवस मावळला, हात धुतला, संपलं.

मग आठ दिवसांपूर्वी भाचीच्या हट्टापायी राजेश्वरीने पहिल्यांदा पास्ता केला आणि तिलाच नवल वाटलं. सात माणसं गरम गरम जेवली आणि सात वाजायला दहा कमी असताना चुळा भरून मोकळी झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच. मळ्यातले टोमॅटो, सिमला मिरची, कोवळ्या कणसाचे दाणे, आणि कुंडीतल्या सब्जाची चार पानं. कांदा-लसूण या घराचा उंबरा ओलांडत नाही, म्हणून फोडणीला हिंग, वर काळी मिरी आणि शेवटी लिंबाच्या जागी कैरीचा कीस. चीज तिने कधी आणलंच नाही. ते करताना दूध वासराच्या पोटातल्या रसाने फाडतात, हे तिने एकदा वाचलं होतं. त्याऐवजी घरच्या दुधाचं पनीर कुस्करून घालायची.

हे सगळं वाचायची सवय तिलाच. पुडा मग बिस्किटांचा असो की पापडखाराचा, राजेश्वरी आधी तो उलटा करणार, हिरवा ठिपका बघणार, मग बारीक अक्षरातली यादी ओळ न् ओळ वाचणार. बाकी घरात कुणी वाचत नव्हतं. जन्मानेच जैन असलेल्यांना वाचायची गरज काय? जे वाचायचं ते बाहेरून आलेलीने.

कारण ती बाहेरूनच आलेली. कराडजवळच्या गावची, सुभेदार लालासाहेब जगदाळ्यांची लेक. रविवारी मटण, आषाढात तर विचारूच नका, अशा घरातली. कराडला इंजिनीयरिंगच्या कॉलेजात सन्मती भेटला आणि बारा वर्षांपूर्वी ती मगदुमांच्या घरात आली. त्या दिवसापासून तिने माहेरचं ते सगळं सोडलं. माहेरी गेली तर स्वतःचं पातेलं वेगळं ठेवते. "आमची पोरगी सासरच्यांपेक्षा कडक झाली," असं सुभेदार पाहुण्यांना सांगतात तेव्हा त्यांना अभिमान वाटतो की वाईट, हे तिला अजून कळलेलं नाही.

आणि या बारा वर्षांचं फळ आत्ता कुठे दिसायला लागलं होतं. यंदा चातुर्मासाला गावात मुनिमहाराज येणार होते. महाराजांना आहार द्यायचा तर घरात चौका, म्हणजे सोवळ्याचा वेगळा स्वयंपाक, लावावा लागतो. सोवळ्याने भरलेलं पाणी, हाताने दळलेलं पीठ, आणि कलश घेऊन दारात उभं राहून महाराजांना आवाहन करायचं. आजवर मगदुमांच्या चौक्यात बिगरजैन घरातली सून उभी राहिली नव्हती. राजेश्वरी बारा वर्षं अंगणातून बघत आली. पण गेल्या महिन्यात आव्वा देवळात सगळ्या बायकांच्या देखत म्हणाल्या होत्या, "औंदा माझं गुडघं चालंनात. चौक्यात राजेश्वरी हुबी ऱ्हाईल." त्या रात्री तिला आनंदाने झोप लागली नव्हती.

"मामी, पार्श्व पडला!" बाहेरून त्रिशलाची हाक आली.

राजेश्वरी हातातला झारा तसाच टाकून पळाली. तिचा लेक पार्श्व सायकलवरून पडला होता, गुडघा फुटला होता आणि आण्णांच्या नावाने भोकाड पसरलं होतं. गुडघा धुणं, हळद लावणं, नातवापेक्षा जास्त घाबरलेल्या आण्णांची समजूत घालणं, यात दहा मिनिटं गेली. तोवर ओट्याशी नणंद उभी होती. राजेश्वरी परत आली तेव्हा ब्राह्मीताईंनी पास्ता गाळून रश्श्यात घातलासुद्धा होता.

"झालं बघ. तू नुसती पळत असतेस," ताई हसून म्हणाल्या. "ताटं घे, पावणेसात झाले."

जेवणं हसतखेळत झाली. आण्णांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "माझ्या तोंडात दात न्हाईत, पर ह्ये कसं सरळ खाली जातंय," ते म्हणाले. त्रिशलाने पुण्याला गेल्यावर आईला मामीकडून हे शिकायला लावणार असल्याचं जाहीर केलं. आव्वाही "नळ्या, नळ्या" करत ताट चाटूनपुसून उठल्या. सात वाजायला चार मिनिटं कमी असताना शेवटची चूळ भरली गेली. मग आरतीसाठी पोरांना देवळात पिटाळलं आणि राजेश्वरी आवरायला लागली.

कणसांच्या सालींनी भरलेली कचऱ्याची बादली बाहेर न्यायला तिने उचलली आणि सालींखाली तिला तो खोका दिसला. निळा, उभट, वर परदेशी अक्षरं.

तिने तो ओळखला. ताई आल्या त्याच दिवशी त्यांनी बॅगेतून काढून तिच्या हातात दिला होता. भावोजी कंपनीच्या कामाने परदेशी गेले होते, तिथून आणलेला पास्ता. राजेश्वरीने उलटा करून बघितला तर हिरवा ठिपकाही नाही आणि लालही नाही; मग पुढची परकी अक्षरं वाचत ती बसलीच नाही. तेव्हाच ती म्हणाली होती, "ताई, ह्याच्यावर ठिपका न्हाई. ऱ्हाऊ दे, परत न्या." आणि खोका सगळ्यांत वरच्या फळीवर, कुणाचा हात पोचणार नाही असा आत ढकलून ठेवला होता. आता तो रिकामा होऊन कचऱ्यात पडला होता. तिने दिव्याखाली नेऊन बारीक अक्षरं वाचली. सहा भाषा होत्या. चौथ्या ओळीत इंग्रजी सापडलं. गव्हाचा रवा आणि अंडी.

अंड्याचं तिला काही नव्हतं, ते तर तिने लहानपणी ढीगभर खाल्लं होतं. तिला आण्णा आठवले. तीस वर्षांपूर्वी महाराजांच्या पायाशी नियम घेतलेला तो माणूस, ज्याने कधी बाजारचं पाणी प्यायलं नाही, त्याने आज दोनदा वाढून घेतलं होतं.

"ताई," तिने हाक मारली. ब्राह्मीताई ताटं पुसत होत्या. "हे तुमी घातलं?"

"हो. पास्ता कमी पडत होता. त्यात काय एवढं, गव्हाचंच असतं सगळं. तू ऊठसूट ठिपके शोधत बसतेस."

"ह्यात अंडं हाय."

ताईंच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. त्यांनी खोका हिसकावून घेतला, वाचला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोल," त्या म्हणाल्या. "हळू बोल गं. कुणाला सांगू नकोस."

"आण्णांना सांगायला पायजे. त्यांचा नियम हाय."

"अगं पोटात गेलं ते गेलं. आता सांगून काय होणार? उद्या सकाळी मी निघणार आहे, कशाला शेवटच्या दिवशी..."

"काय सांगायला पायजे?" आव्वा दारात उभ्या होत्या.

आता राजेश्वरीने एक चूक केली. खोका कुणाचा आणि भांड्यात कुणी ओतला, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगायला हवं होतं. पण समोर वयाने मोठी नणंद उभी होती, उद्या जाणारी. तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं, आपण कशाला चुगली करायची, असं या बाईला वाटलं. म्हणून ती एवढंच म्हणाली, "आव्वा, आजच्या जेवणात अंडं होतं. चुकून पडलंय."

आव्वांनी खोक्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग त्यांचा आवाज चढला.

"चुकून? बारा वर्सं झाली तुला या घरात, अजून चुकूनच व्हतंय व्हय? आमच्यात जन्मलेल्याच्या हातनं असं झालं नसतं. ज्या घरात रविवारी कोंबडं शिजतंय तिथली तू, तुला त्याचं काय!"

"आव्वा..."

"बोलू नगंस. मी देवळात चार बायकांपुढं तुझं नाव घेतलं. तोंडघशी पाडलंस मला. चौक्यात पाय ठिवायचा न्हाई तू. उद्या उपास धर, आन् आत्ता सोप्यात येऊन मामंजींना आपल्या तोंडानं सांग, माझ्याकडनं चूक झाली म्हणून."

राजेश्वरीने ताईंकडे बघितलं. तिला वाटलं, आता बोलतील. आत्ता. एक वाक्य पुरेसं होतं. पण ताईंनी मिठाची गुळणी धरली होती. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळत त्या फरशीकडे बघत होत्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं ठिपके वाचले ते हे ऐकायला? ज्या बाईने एकही पुडा उलटून बघितला नाही ती शुद्ध, कारण ती या घरात जन्मली. आणि जिने तोच खोका फळीवर आत लोटून ठेवला ती बाटगी, कारण तिचा बाप सुभेदार आणि सुभेदाराच्या घरी मटण शिजतं. तिला ओरडायचं होतं. पण तोवर ताई डोळे पुसत बाहेर निघून गेल्या, आणि थोड्याच वेळात सन्मती आत येऊन तिचा दंड धरून तिला परसात घेऊन गेला.

हौदाजवळ दोघं उभी राहिली. पश्चिमेला अजून लाली होती.

"ताईनं सांगितलं मला. आत्ताच, रडत रडत," सन्मती म्हणाला.

"बरं झालं. मग जाऊन आव्वांना सांग."

"ऐक की जरा."

"ऐकते. बोल."

"ताईची सासू कशी हाय तुला ठाव हाय. गेल्या साली ताईनं दिवस मावळल्यावर चहा घेतला, तर ती बाई चार महिनं तिच्याशी बोलंना झाली. ह्ये समजलं तर संपलंच. आन् आव्वाला समजलं की आव्वा कुणाजवळ तरी बोलणार. गोष्ट पुण्याला पोचायला येळ लागत न्हाई."

"माझी गोष्ट कुठं पोचणार न्हाई व्हय?"

"तुझं येगळं हाय गं." त्याने अगदी समजुतीने तिचा हात हातात घेतला. "तुझ्याबद्दल लोक एवीतेवी बोलत्यातच. तुला सवय हाय. एक उपास करायचा, चार दिवस गप ऱ्हायचं, मिटलं. चौक्याचं मी फुडल्या साली बघतो."

बारा वर्षांत नवरा तिला कधी टाकून बोलला नव्हता. हेही तो टाकून बोललाच नव्हता, मायेनेच बोलला होता, आणि म्हणूनच ते असं आतवर गेलं. तिने हात सोडवून घेतला.

"एवीतेवी बोलत्यात म्हणून मी तसं केलंय असं म्हणायचं?"

"म्हणायचं न्हाई काय. नुसतं गप बसायचं."

"गप मी मगाशी बसले, सन्मती. त्याचं काय झालं बघितलंस न्हवं?"

"तू लय ताणतीस बघ."

"मी ताणते?" तिला हसू आलं, रडू येण्याच्या आधी येतं तसलं. "उपास काय, मी दोन करीन. आण्णांच्या पोटात गेलं ते माझ्या ओट्यावरनं गेलं, त्याचं मला लय वाईट वाटतंय. पण ते चुकून गेलं रं. तू सांगतोयस ते जाणूनबुजून हाय."

"आण्णा वाट बघत्यात," एवढंच म्हणून सन्मती पुढे झाला. ती मागून गेली.

सोप्यात, घराच्या पुढच्या ओसरीत, आण्णा पाट टाकून बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं की काहीतरी घडलंय आणि बायको फणकारलीय. आव्वा खुर्चीवर. ताई खांबाला टेकून. सन्मती उगीचच दुकानाच्या किल्ल्या चाळवत दारात.

"सांग," आव्वा म्हणाल्या.

"आण्णा," राजेश्वरी म्हणाली, "आजच्या पास्त्यात अंडं होतं. आपल्या सगळ्यांच्या पोटात गेलं."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. ओठ हलले, णमोकार मंत्र म्हणत असावेत. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मग डोळे न उघडता त्यांनी हळूच विचारलं, "कसं पडलं? कुणी टाकलं?"

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. सन्मतीची नजर विनवणारी होती. ताईंचे डोळे भरलेले होते. इतकं सोपं होतं. 'माझ्याकडनं' एवढा एक शब्द. घर शांत झालं असतं, उद्या सकाळी ताई दशम्या बांधून पुण्याला गेल्या असत्या, नवऱ्याने आठ दिवस जरा जास्त प्रेमाने वागवलं असतं. आणि जन्मभर या घरात जेव्हा जेव्हा काही नासलं असतं तेव्हा त्याचं खापर फोडायला एक ठरलेलं डोकं मिळालं असतं.

"मी टाकलं न्हाई, आण्णा," ती म्हणाली.

"बघा!" आव्वा उसळल्या. "आता उलटीच!"

"मी टाकलं न्हाई. ज्या दिवशी खोका घरात आला त्याच दिवशी मी ठिपका बघून तो वरच्या फळीवर ठेवला होता. कुणी काढला ते मी सांगणार न्हाई. ज्यांनी काढला त्या इथंच हायत, त्या सांगतील."

ब्राह्मीताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या.

"पुरे!" आव्वा म्हणाल्या. "तिला कशाला रडवतीस? मला ठाव हाय समदं."

सन्मतीच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज थांबला.

"काय ठाव हाय?" राजेश्वरीने विचारलं.

आव्वांच्या तोंडून निसटून गेलं होतं, आता माघार नव्हती. त्यांनी हनुवटी वर केली. "खोका तिच्या बॅगेतनं निघाला ते मी बघितलं हुतं. तू फळीवर ठिवलास तेबी बघितलं. आन् आज तू पोराकडं पळालीस तवा हिनं स्टुलावर चढून खाली काढला, तेबी खुर्चीवरनं दिसत हुतं मला. त्यात काय हाय ते तेवढं ठाव न्हवतं."

"म्हंजे मगाशी स्वयंपाकघरात मला बोललात, तेव्हा तुमाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग?"

"मग काय मग!" आव्वांचा आवाज चिरकला. "लेक सकाळी जाणार. तिला तिथं त्या बाईच्या हाताखाली ऱ्हायचं हाय. तिचं नाव निघालं तर तिला कोण हाय तिथं? तू हितंच ऱ्हाणार हायस. तुला मी हाय, मामंजी हायत, नवरा हाय. तुझं मी निस्तरलं असतं नंतर."

बघा, कसं असतं. या बाईने हे खरोखरच मनापासून म्हटलं होतं. तिच्या लेखी हे जवळ घेणंच होतं. जी जाते तिला झाकायचं आणि जी राहते तिला सोसायला लावायचं, कारण राहणारी आपलीच आहे. राजेश्वरीला ते कळलंसुद्धा. कळल्यामुळे तिचा राग कमी झाला असं मात्र कुणी समजू नये.

"माझं निस्तरणार व्हता," ती म्हणाली. "कसं, आव्वा? माझ्या बापाच्या घरावर गेलात. आमच्यात जन्मलेल्याच्या हातनं असं झालं नसतं, म्हणालात. आणि झालं ते तुमच्यात जन्मलेल्याच्याच हातनं झालंय, हे बोलताना तुमाला पक्कं माहीत होतं. चिडून बोलला असता तर मी सोसलं असतं. तुमी चिडला न्हवता. तुमी ठरवून बोललात."

"राजे, बास," सन्मती म्हणाला.

"तू बास!" ती त्याच्याकडे न वळता म्हणाली. "आव्वा, गेला महिनाभर रोज दुपारी तुमी मला चौक्याचं शिकवलंत. महाराज दारात आले की कलश घेऊन काय म्हणायचं, ते पन्नासदा माझ्याकडनं वदवून घेतलंत. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध. एक शब्द खाली पडला की महाराज माघारी वळतात, म्हणालात. मी आत्ता आण्णांपुढं खोटं बोलले असते आणि तुमी खुशाल बोलू दिलं असतं. तर मग महिन्यानं दारात उभं राहून आपण दोघींनी त्यातला दुसरा शब्द कोणत्या तोंडानं म्हणायचा होता?"

देवळातून आरतीची घंटा ऐकू येत होती. आण्णांनी आता डोळे उघडले होते आणि ते सुनेकडे नव्हे, बायकोकडे बघत होते.

"तिला उत्तर दे, चंदनबाला," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नसेल.

"आण्णा, मी टाकलं," ब्राह्मीताई खांबापाशी खाली बसल्या. "मला राजेश्वरीने सांगितलं होतं, तरी मी टाकलं. मला वाटलं, ती उगाच नाटकं करते. आमच्यापेक्षा जास्त जैन असल्याची." त्या हुंदके देत राहिल्या. "नंतर बोलायचं होतं मला. तोंडच उघडलं नाही."

"व्हय," आण्णा म्हणाले. "तू टाकलंस आन् मी खाल्लं. दोनदा मागून घेतलं. उद्यापास्नं मी तीन उपास करतो. तू तुझ्या घरी जाऊन काय करायचं ते कर. सासूला सांग, न्हाईतर नगो सांगू. ते तुझं तू बघ." मग ते मुलाकडे वळले. "आन् सन्मती, बायकोला परसात न्हिऊन काय शिकवत हुतास ते मला ऐकू आलं न्हाई. पर ठाव झालं."

सन्मतीने मान खाली घातली.

आव्वा अजून तशाच बसल्या होत्या, हनुवटी वर. राजेश्वरीला वाटलं, आता त्या फणकाऱ्याने उठून आत जातील, आणि उद्या सकाळी काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणतील, 'चौक्याचं पीठ दळायला काढ.' या घरात माफी अशीच मागितली जाते, तिला ठाऊक होतं. आणि आज ती तेवढ्याला भुलणार नव्हती, हेही तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पण आव्वा उठल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी आपले गुडघे धरले आणि सुनेकडे बघितलं.

"त्यो शब्द मला म्हणता यायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

"कुठला, आव्वा?" सन्मतीला कळलं नाही.

आव्वांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "माझं लगीन झालं तवापास्नं एकबी चौका मी चुकवला न्हाई. बाळंतपणाचं सुतक सोडलं तर. औंदा मी यायची न्हाई. महाराज आल्यावर त्यांच्याकडनं प्रायश्चित्त घीन, तवर कलशाला हात लावायची न्हाई. तू एकटी हुबी ऱ्हा." त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "तुला म्हणता येतंय. तू म्हण."

देवळातून पोरं परत आली. त्रिशला अंगणातूनच ओरडत होती, उद्या डब्यात काय देणार, मामी? पार्श्व लंगडत तिच्यामागे. सोप्याच्या दारात दोघं थबकली.

'असं कसं आव्वा, तुमच्याशिवाय चौका कसा होईल?' एवढंच म्हणायचं होतं. चांगल्या सुनेने तेच म्हणायचं असतं. समोरची म्हातारी त्याचीच वाट बघत होती. आण्णाही बघत होते, नवराही. ते वाक्य राजेश्वरीच्या अगदी ओठांवर आलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पोरांचे पाय धुवायला बाहेर गेली.